अद्याप न सापडलेली अतिजड मूलद्रव्ये

ज्यांचा अणुक्रमांक ११८ पेक्षा अधिक आहे आणि ज्यांचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध झालेले नाही, अशा सैद्धांतिक मूलद्रव्यांना अद्याप न सापडलेली अतिजड मूलद्रव्ये असे म्हणता येईल. इ.स. २०१६ मध्ये निहोनियम (११३), मॉस्कोव्हियम (११५), टेनेसिन (११७) आणि ओगानेसन (११८) या चार मूलद्रव्यांची नावे निश्चित झाली आणि आवर्त सारणीचे सातवे आवर्त पूर्ण झाले. त्यापुढील प्रत्येक मूलद्रव्य आठव्या आवर्तात पडेल. या आवर्तातील एकही घर अजून भरलेले नाही.

ही मूलद्रव्ये निसर्गात कोठे शिल्लक असतील काय, की ती केवळ त्वरकांतच निर्माण करावी लागतील, हा या विषयातील सर्वांत जुना वाद आहे. त्या वादात मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका गटाने १९७१ मध्ये महत्त्वाचा सहभाग घेतला होता. अशनी व चांद्रमाती यांतील खनिजांवरच्या सूक्ष्म चऱ्यांवरून, सूर्यमालेच्या आरंभी अतिजड मूलद्रव्ये अस्तित्वात असावीत, असे त्या गटाने सुचवले होते. हे अनुमान पुढे सर्वमान्य झाले नाही.

संज्ञा आणि नामकरण

'अतिजड' या विशेषणाची व्याख्या सर्वत्र एकसारखी नाही. सामान्यतः अणुक्रमांक १०४ (रुदरफोर्डियम) पासून पुढच्या सर्व मूलद्रव्यांना अतिजड म्हटले जाते. १०४ ते ११८ ही मूलद्रव्ये प्रयोगशाळेत तयार झालेली असल्यामुळे प्रस्तुत लेखात त्यांचा उल्लेख केवळ संदर्भापुरता आहे.

न सापडलेल्या मूलद्रव्याला नाव देण्याची प्रथा दिमित्री मेंडेलीव्ह यांच्यापासूनची आहे. १८७१ मध्ये त्यांनी आपल्या सारणीतील रिकाम्या जागांसाठी एका-बोरॉन, एका-अ‍ॅल्युमिनियम आणि एका-सिलिकॉन ही नावे योजली. एखाद्या ज्ञात मूलद्रव्याखालचे पहिले घर म्हणजे 'एका', दुसरे 'द्वि', तिसरे 'त्रि' अशी ही संस्कृत संख्यावाचकांची योजना होती. गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) आणि जर्मेनियम (१८८६) सापडल्यावर त्या तिन्ही जागा भरल्या. मेंडेलीव्ह यांना संस्कृतचा आधार का घ्यावासा वाटला, याविषयी अनेक तर्क आहेत. पाणिनीचे संपादक ओटो बोटलिंक हे सेंट पीटर्सबर्गमध्येच होते व त्यांच्या सहवासाचा हा परिणाम असावा, असे काही अभ्यासक मानतात. हा तर्क आकर्षक असला तरी त्याला प्रत्यक्ष पुरावा नाही. आजही शास्त्रज्ञ अणुक्रमांक ११९ ला 'एका-फ्रान्सियम' आणि १२० ला 'एका-रेडियम' म्हणतात.

अधिकृत तात्पुरती नावे मात्र निराळी आहेत. शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने (आययुपॅक) १९७० च्या दशकाच्या अखेरीस ठरवलेल्या पद्धतीनुसार अणुक्रमांकातील प्रत्येक अंकासाठी लॅटिन वा ग्रीक मूळ असलेले एक पद घेतले जाते : शून्यासाठी निल, एकसाठी उन, दोनसाठी बाय, तीनसाठी ट्राय, चारसाठी क्वाड, पाचसाठी पेंट, सहासाठी हेक्स, सातसाठी सेप्ट, आठसाठी ऑक्ट, नऊसाठी एन. ही पदे क्रमाने जोडून शेवटी 'इयम' लावले की नाव तयार होते. त्यानुसार ११९ हे उनउनेनियम, १२० हे उनबायनिलियम, १२१ हे उनबायुनियम आणि १२६ हे उनबायहेक्सियम. ही नावे उच्चारायला अवघड आणि कानाला रुक्ष आहेत, परंतु त्यांतून अणुक्रमांक थेट वाचता येतो. प्रयोगशाळांत ती फारशी वापरली जात नाहीत. तेथे सरळ 'एकशे एकोणीस' म्हटले जाते. कायमचे नाव सुचवण्याचा मान शोधकांचा असतो.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

अणुकेंद्रकात दोन बलांची ओढाताण चालू असते. प्रोटॉन व न्यूट्रॉन यांना जवळ बांधून ठेवणारे केंद्रकीय बल अत्यंत प्रबळ, पण अगदी कमी अंतरापर्यंतच पोहोचणारे आहे. प्रोटॉनांमधील विद्युत् प्रतिकर्षण त्या मानाने क्षीण, परंतु दूरवर पोहोचणारे असते. केंद्रक जसजसे मोठे होते तसतशी दुसऱ्या बलाची सरशी होऊ लागते. केंद्रक म्हणजे विद्युत्भारित द्रवाचा थेंब असे मानून गणित केले, तर अणुक्रमांक सुमारे १०४ च्या पुढे तो थेंब आपोआप दुभंगला पाहिजे. या हिशेबाने आवर्त सारणी तेथेच संपावयास हवी होती.

ती संपली नाही, याचे कारण केंद्रकातील कवचरचना. इलेक्ट्रॉनांप्रमाणेच प्रोटॉन व न्यूट्रॉनही केंद्रकात कवचांमध्ये मांडलेले असतात आणि कवच पूर्ण भरले की केंद्रकाला जास्तीचे स्थैर्य लाभते. २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि (न्यूट्रॉनांसाठी) १२६ या संख्यांना 'जादुई संख्या' म्हणतात. हा सिद्धांत मांडल्याबद्दल मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शिशाचे २०८ वस्तुमानांकाचे समस्थानिक ८२ प्रोटॉन व १२६ न्यूट्रॉन असे दोन्ही बाजूंनी जादुई आहे आणि म्हणूनच ते विशेष स्थिर आहे.

पुढची जादुई जोडी कोणती असेल याचे गणित १९६० च्या दशकात अनेक देशांत झाले. न्यूट्रॉनांसाठी १८४ या संख्येवर बहुतेकांचे एकमत झाले. प्रोटॉनांसाठी मात्र निरनिराळी प्रारूपे ११४, १२० किंवा १२६ असे वेगवेगळे उत्तर देतात आणि तो प्रश्न अजूनही सुटलेला नाही. या संख्यांच्या आसपास तुलनेने दीर्घायुषी केंद्रकांचा एक प्रदेश असावा, अशी कल्पना आहे. त्याला 'स्थैर्याचे बेट' असे नाव पडले. अल्पायुषी केंद्रकांच्या समुद्रापलीकडचे ते बेट, हे रूपक ग्लेन सीबोर्ग यांनी आपल्या व्याख्यानांतून व चित्रांतून लोकप्रिय केले.

१९६० च्या दशकाअखेरच्या काही गणितांत या बेटावरील केंद्रकांची अर्धायुष्ये कोट्यवधी वर्षे निघाली. त्यांतील काही आकडे पृथ्वीच्या वयाशी तुलना करण्याजोगे होते. ते खरे असते, तर ही मूलद्रव्ये प्रयोगशाळेत बनवण्याची गरजच नव्हती. ती खडकांत, खनिजांत कोठे तरी सापडावयास हवी होती. पुढील सुधारित गणितांनी हे आकडे पुष्कळ खाली आणले. आजचे अंदाज प्रारूपानुसार काही सेकंदांपासून अनेक वर्षांपर्यंत पसरलेले आहेत. परंतु त्या सुरुवातीच्या आकड्यांनी जगभर एक शोधमोहीम सुरू केली.

निसर्गातील शोध

अणुक्रमांक ११४ चे घर आवर्त सारणीत शिशाच्या खाली येते. त्यामुळे ते शिशाच्या धातुकांत मिसळलेले असावे, या तर्काने प्रथम शिशाची खनिजे व शिसेयुक्त जुन्या काचा तपासल्या गेल्या. समुद्रतळावरील मँगनीजचे गोटे आणि उष्ण झऱ्यांची क्षारयुक्त पाणी यांचीही तपासणी झाली. सोव्हिएत संघातील दुबना येथे गिओर्गी फ्लेरोव्ह यांचा गट यात आघाडीवर होता. यांपैकी कोठेही निर्णायक पुरावा मिळाला नाही.

मुंबईतील संशोधन

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम १९४५ मध्ये सुरू झाले. मुंबईत ती प्रथम पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' या बंगल्यात, नंतर अपोलो बंदराजवळील जुन्या यॉट क्लबच्या वास्तूत आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला बांधलेल्या स्वतःच्या इमारतीत आली. या इमारतीचे उद्घाटन १९६२ मध्ये पंडित नेहरू यांच्या हस्ते झाले. संस्थेत विश्वकिरणांच्या अभ्यासाची परंपरा पहिल्यापासून होती. बर्नार्ड पीटर्स यांच्या हाताखाली तयार झालेले देवेंद्र लाल (१९२९–२०१२) यांनी तो अभ्यास अशनी व चांद्रशिला यांच्याकडे वळवला. अवकाशातून येणारे कण खनिजांत जे चरे ठेवून जातात, ते वाचणे हा या गटाचा विषय होता.

या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. वेगवान जड केंद्रक स्फटिकातून जाताना आपल्या वाटेतील अणूंची रचना विस्कटते. तो स्फटिक योग्य रसायनात बुडवला की विस्कटलेला भाग आधी झिजतो आणि सूक्ष्मदर्शकातून पाहता येईल असा बारीक चरा उघडा पडतो. खनिजातील एखाद्या जड केंद्रकाचे विखंडन झाले, तर त्याचे दोन तुकडे विरुद्ध दिशांना फेकले जातात व दोहोंचा मिळून एक सरळ चरा बनतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आगेमागे असते. केंद्रक जितके जड, तितकी विखंडनात बाहेर पडणारी ऊर्जा अधिक आणि त्यामुळे चराही लांब. थोडक्यात, कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या मूलद्रव्याची नोंद त्याच्या मागे राहिलेल्या चऱ्याच्या लांबीत शोधावयाची, असा हा विचार आहे.

नरेंद्र भंडारी, एस. जी. भट, देवेंद्र लाल, जी. राजगोपालन, ए. एस. ताम्हणे आणि व्ही. एस. वेंकटवरदन या सहा जणांचा निबंध १९७१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पृथ्वीबाहेरील नमुन्यांतील अतिजड मूलद्रव्ये हाच त्याचा विषय होता. युरेनियमच्या किंवा प्लुटोनियम-२४४ च्या विखंडनाने पडतात त्यांहून लांब असे चरे त्यांना काही स्फटिकांत आढळले होते. प्लुटोनियम-२४४ चे अर्धायुष्य सुमारे ८ कोटी वर्षे आहे. सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी सूर्यमाला घडली तेव्हा ते अस्तित्वात होते आणि नंतर क्षय पावले, हे झेनॉन वायूच्या समस्थानिकांवरून मान्य झालेले आहे. त्याच न्यायाने, अधिक लांब चरे हे अधिक जड अशा विलुप्त मूलद्रव्याचे अवशेष असावेत, असे या गटाचे अनुमान होते.

या अनुमानात दोन अडचणी होत्या आणि त्या पद्धतीतच अंतर्भूत आहेत. पहिली अडचण अशी की, विश्वकिरणांत लोहाची व त्याहून जड केंद्रकेही असतात. अवकाशात उघड्यावर पडून राहिलेल्या दगडात त्यांचेही चरे उमटतात आणि ते लांब असू शकतात. विखंडनाचा चरा कोणता व बाहेरून आलेल्या कणाचा कोणता, हे एकेका चऱ्याकडे पाहून निश्चयाने सांगणे कठीण असते. दुसरी अडचण म्हणजे उष्णतेने व आघाताने चरे आखूड होतात. त्यामुळे आज मोजलेली लांबी ही मूळ लांबी असेलच असे नाही आणि तुलनेसाठी घ्यावयाचे माप स्वतःच डळमळीत होते. इतर प्रकारच्या स्वतंत्र पुराव्याची जोड न मिळाल्यामुळे हा निष्कर्ष स्थिरावला नाही. तथापि, त्याची गणना फसव्या दाव्यांत करणे अन्यायाचे ठरेल. मोजमापे खरी होती. वाद होता तो त्यांच्या अर्थाविषयी.

लाल १९७२ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले व अशनींचे बरेचसे संशोधन त्यांच्याबरोबर तिकडे गेले. भंडारी यांनी पुढे चांद्रयान-१ मोहिमेच्या वैज्ञानिक आखणीत भाग घेतला. वेंकटवरदन मुंबईतच राहिले. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याचे संचालकपद त्यांच्याकडे आले. त्या तारांगणात शाळेच्या सहलीबरोबर जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना या निबंधाची माहिती क्वचितच असेल.

चऱ्यांचा मागोवा तेथेच थांबला नाही. दुबनाच्या संशोधकांनी पॅलसाइट प्रकारच्या अशनींतील ऑलिव्हिन स्फटिकांत अत्यंत लांब चरे शोधले. तेही विखंडनाचे नसून विश्वकिरणांतील जड केंद्रकांचे असल्याचे मानले जाते. मॉस्कोच्या लेबेदेव्ह संस्थेतील गटाने २०१३ मध्ये अशाच स्फटिकांत सुमारे ११९ इतका विद्युत्भार असलेल्या तीन केंद्रकांचे चरे मिळाल्याचे प्रसिद्ध केले. त्यांच्या मोजमापातील अनिश्चितता मोठी असून त्याला अन्यत्र दुजोरा मिळालेला नाही.

अन्य दावे

१९७६ मध्ये मादागास्करच्या अभ्रकातील मोनॅझाइटच्या कणांभोवती दिसणाऱ्या असामान्य मोठ्या किरणोत्सारी वलयांवरून अणुक्रमांक ११६, १२४ आणि १२६ सापडल्याचा दावा अमेरिकेत झाला. मोनॅझाइट हे केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत मुबलक आढळणारे, थोरियमयुक्त खनिज होय. या कणांवर प्रोटॉनांचा मारा केल्यावर मिळालेली क्ष-किरणांची एक रेषा १२६ व्या मूलद्रव्याची मानली गेली होती. मोनॅझाइटमधील सिरियमवर प्रोटॉन आदळल्यानेही त्याच ऊर्जेचा गॅमा किरण निघतो, हे काही महिन्यांतच ध्यानात आले आणि दावा मावळला.

मेक्सिकोत १९६९ मध्ये पडलेल्या आयेंदे अशनीतील झेनॉनचे विचित्र प्रमाण हे अतिजड मूलद्रव्याच्या विखंडनामुळे आहे, असे शिकागोच्या एडवर्ड अँडर्स यांच्या गटाने १९७५ मध्ये सुचवले होते. तो झेनॉन सूर्यमालेपूर्वीच्या अतिसूक्ष्म हिऱ्यांत अडकलेला असल्याचे पुढे निष्पन्न झाले. विशेष म्हणजे हे हिरे १९८७ मध्ये ओळखणाऱ्या गटात अँडर्स स्वतः होते.

२००८ मध्ये इस्रायलमधील अम्नोन मारिनोव्ह यांच्या गटाने नैसर्गिक थोरियममध्ये अणुक्रमांक १२२ चे दीर्घायुषी केंद्रक अत्यल्प प्रमाणात असल्याचे जाहीर केले. व्हिएन्ना व म्युनिक येथील अधिक संवेदनशील उपकरणांनी केलेल्या तपासणीत ते आढळले नाही.

नव्या मूलद्रव्याच्या चुकलेल्या दाव्यांना मोठी परंपरा आहे. एन्रिको फर्मी यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांच्या प्रयोगांतून ९३ व ९४ ही मूलद्रव्ये तयार झाल्याचे मानले जात होते व त्यांना ऑसोनियम आणि हेस्पेरियम ही नावेही मिळाली होती. प्रत्यक्षात त्या प्रयोगांत युरेनियमचे विखंडन घडत होते. चुकीच्या दाव्याखाली त्याहून मोठा शोध लपलेला होता, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. याउलट, १९९९ मध्ये बर्कली येथून जाहीर झालेला ११८ व्या मूलद्रव्याचा शोध नोंदींत बनावट केल्याचे उघड झाल्यामुळे मागे घ्यावा लागला. चांद्रमातीतील चऱ्यांचे प्रकरण या दोहोंपेक्षा वेगळ्या जातीचे आहे.

प्रयोगशाळेतील निर्मितीचे प्रयत्न

अतिजड केंद्रक बनवण्यासाठी एका जड मूलद्रव्याच्या पातळ लक्ष्यावर हलक्या केंद्रकांची वेगवान शलाका सोडतात आणि दोहोंच्या संमीलनाची वाट पाहतात. ११४ ते ११८ या मूलद्रव्यांसाठी कॅल्शियम-४८ या समस्थानिकाची शलाका वापरली गेली. त्यात २० प्रोटॉन व २८ न्यूट्रॉन, म्हणजे दोन्ही जादुई संख्या आहेत. नैसर्गिक कॅल्शियममध्ये त्याचे प्रमाण ०.२ टक्क्यांहूनही कमी असल्यामुळे ते अतिशय महाग पडते.

११९ साठी हा मार्ग बंद होतो. कॅल्शियमचे २० प्रोटॉन वजा केल्यास ९९ प्रोटॉनांचे, म्हणजे आइन्स्टाइनियमचे लक्ष्य लागते आणि ते पुरेशा प्रमाणात बनवताच येत नाही. १९८५ मध्ये बर्कलीत त्याच्या अत्यल्प साठ्यावर प्रयोग झाला, परंतु काही हाती लागले नाही. म्हणून आता टायटेनियम-५०, व्हॅनेडियम-५१ व क्रोमियम-५४ या अधिक जड शलाकांकडे वळावे लागले आहे. त्यांत संमीलनाची शक्यता आणखी घटते. दोन केंद्रके एकमेकांना चिकटतात खरी, पण एकजीव होण्यापूर्वीच पुन्हा विलग होतात. ही प्रक्रिया समजल्याखेरीज कोणती शलाका व किती ऊर्जा निवडावी हे ठरवता येत नाही.

या प्रश्नाचा अभ्यास मुंबईतही झाला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील व्ही. एस. राममूर्ती व एस. एस. कपूर यांनी १९८५ मध्ये जड केंद्रकांच्या टकरीत पूर्ण संतुलन साधण्यापूर्वीच घडणाऱ्या विखंडनाचे विवेचन केले. कुलाब्यातील टाटा संस्थेच्या आवारात भाभा केंद्राच्या सहकार्याने उभारलेला १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक १९८० च्या दशकाअखेरीस कार्यान्वित झाला. तेथे संमीलन व विखंडन यांतील स्पर्धेवर सातत्याने प्रयोग होत आले आहेत. नवे मूलद्रव्य घडवण्यासाठी लागणारी तीव्र शलाका, दुर्मीळ किरणोत्सारी लक्ष्ये आणि महिनोन्‌महिने चालणारा त्वरक या गोष्टी येथे नाहीत. हे यंत्र त्या कामासाठी उभारलेलेही नाही. भारतातील सैद्धांतिक कामात चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील राज के. गुप्ता यांचे नाव घ्यावे लागते. कोणत्या दोन केंद्रकांची जोडी कमीत कमी उष्णतेने जुळेल, याचे गणित त्यांनी रुमानियन व जर्मन सहकाऱ्यांसह १९७७ मध्ये मांडले. कोलकात्याच्या साहा संस्थेचे संशोधक जर्मनीत ११७ व्या मूलद्रव्याला दुजोरा देणाऱ्या प्रयोगात सहभागी होते. तो प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

११९ व १२० साठी आजवर झालेल्या प्रयत्नांपैकी एकही यशस्वी झालेला नाही. दुबनाने २००७ मध्ये प्लुटोनियमवर लोहाची शलाका सोडून १२० चा प्रयत्न केला. जर्मनीतील डार्मस्टाट येथे युरेनियम व निकेल, क्युरियम व क्रोमियम, कॅलिफोर्नियम व टायटेनियम या जोड्या १२० साठी आणि बर्केलियम व टायटेनियम ही जोडी ११९ साठी वापरून झाली. बर्केलियम-२४९ चे अर्धायुष्य सुमारे ११ महिन्यांचे असल्याने लक्ष्य तयार झाले की ते वापरण्याची घाई असते. जपानची रिकेन संस्था २०१८ पासून क्युरियम-२४८ वर व्हॅनेडियम-५१ ची शलाका सोडून ११९ चा शोध घेत आहे. दुबनाच्या नव्या केंद्रात २०२३ मध्ये युरेनियम व क्रोमियम-५४ यांच्यापासून ११६ वे मूलद्रव्य (लिव्हरमोरियम) मिळाले. बर्कलीने २०२४ मध्ये प्लुटोनियम व टायटेनियम-५० यांच्यापासून २२ दिवसांत त्याच मूलद्रव्याचे दोन अणू मिळवल्याचे जाहीर केले. ही जुन्या मूलद्रव्यावर घेतलेली नव्या शलाकांची चाचणी होती.

दोन अणूंसाठी बावीस दिवस हा वेग या क्षेत्रात चांगला समजला जातो. रिकेनला ११३ व्या मूलद्रव्याचे अवघे तीन अणू मिळण्यास २००४ ते २०१२ इतका काळ लागला होता.

शोध सिद्ध होण्याचे निकष

नवे केंद्रक निदान १० चा उणे १४ वा घात सेकंद टिकले, तरच त्याला मूलद्रव्य म्हणता येते. केंद्रकाला स्वतःभोवती इलेक्ट्रॉन जमवण्यास साधारण तेवढा अवधी लागतो, हे या मर्यादेमागील कारण आहे. असे केंद्रक थेट दिसत नाही. ते सिलिकॉनच्या शोधकात रुतते आणि तेथेच एकामागून एक आल्फा कण बाहेर टाकत जाते. प्रत्येक आल्फा कणासरशी अणुक्रमांक दोनने उतरतो : ११९ पासून ११७, मग ११५, मग ११३. ही साखळी पूर्वी ओळखलेल्या केंद्रकापर्यंत पोहोचली की उलट मोजून मूळ केंद्रक कोणते होते हे ठरवतात. साखळीचे टोक अनोळखी राहिले, तर दावा मान्य होणे कठीण जाते. पुराव्यांची छाननी रसायन व भौतिकी यांचे आंतरराष्ट्रीय संघ संयुक्तपणे करतात आणि तिला बहुधा अनेक वर्षे लागतात.

स्थैर्याच्या बेटाविषयी येथेच एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. दुबनात प्रथम मिळालेले ११४ वे मूलद्रव्य (फ्लेरोव्हियम) जादुई मानल्या गेलेल्या जागेवरचेच आहे. मात्र त्याच्या २८९ वस्तुमानांकाच्या समस्थानिकात १७५ न्यूट्रॉन आहेत, म्हणजे १८४ ला नऊ कमी. त्याचे अर्धायुष्य सुमारे दोन सेकंद आहे. याउलट ओगानेसन-२९४ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकते. बेटाच्या दिशेने उथळ पाणी लागू लागले आहे असे यावरून दिसते, परंतु जमीन लागलेली नाही. जड केंद्रकांना न्यूट्रॉनांचे प्रमाण अधिक लागते आणि दोन हलकी केंद्रके जोडून ते प्रमाण साधत नाही. हा तुटवडा भरून काढण्याचा खात्रीचा उपाय आजवर सापडलेला नाही.

न्यूट्रॉनांचा हा सुकाळ ताऱ्यांच्या स्फोटांत व न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत असतो. आकाशगंगेतील ४२ ताऱ्यांच्या रासायनिक घटकांची तुलना करून २०२३ मध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी असे दाखवले की, त्यांतील रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम व चांदी यांचे प्रमाण २६० हून अधिक वस्तुमानांकाच्या केंद्रकांचे विखंडन झाल्याचे सुचवते. विखंडन झालेल्या केंद्रकाची खूण त्याच्या अवशेषांत शोधण्याची ही रीत कुलाब्यातील गटाच्या रीतीशी नाते सांगणारी आहे. मात्र इतका वस्तुमानांक १०० च्या आसपासच्या अणुक्रमांकांनाही शक्य असल्याने, ही केंद्रके ११८ पलीकडची होती असे त्यावरून म्हणता येत नाही.

अपेक्षित रासायनिक गुणधर्म

सारणीतील स्थानावरून ११९ हे अल्क धातूंच्या आणि १२० हे अल्कधर्मी मृदा धातूंच्या गणात येते. परंतु या भागात गणाचे साम्य पूर्णपणे विश्वसनीय राहत नाही. केंद्रकाचा विद्युत्भार वाढला की आतील इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या जवळ जाऊ लागतो आणि सापेक्षतेच्या परिणामांमुळे त्यांच्या कक्षा आकसतात. सोन्याचा पिवळा रंग आणि पाऱ्याची द्रवावस्था हे याच परिणामाचे परिचित दाखले आहेत. राजवायूंच्या गणातील ओगानेसन हे सामान्य तापमानाला वायू नसून घन असावे, असे गणित सांगते. ११९ ची क्रियाशीलताही फ्रान्सियमखाली वाढण्याऐवजी घटेल आणि ते काही बाबतींत रुबिडियम वा पोटॅशियमसारखे वागेल, असा अंदाज आहे.

१२१ पासून पुढे, अद्याप कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याच्या सामान्य अवस्थेत न भरलेली एक नवी इलेक्ट्रॉन उपकवचमाला भरू लागेल, असे सीबोर्ग यांनी १९६९ च्या सुमारास सुचवले व या मूलद्रव्यांना 'सुपरअ‍ॅक्टिनाइड' म्हटले. या मालेत कवचांच्या ऊर्जा इतक्या जवळजवळ येतात की मूलद्रव्य कोणत्या स्तंभात ठेवावे याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. फिनलंडचे पेक्का प्यूक्को यांनी २०११ मध्ये १७२ व्या मूलद्रव्यापर्यंतची एक सारणी प्रसिद्ध केली. तीत अणुक्रमांक नेहमीच डावीकडून उजवीकडे क्रमाने येत नाहीत.

आवर्त सारणीची सीमा

आवर्त सारणी कोठे तरी संपते काय, याचे उत्तर कोणत्या अंगाने विचार केला त्यावर अवलंबून आहे. बोर यांच्या साध्या प्रारूपात १३७ च्या पुढे सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनाचा वेग प्रकाशवेगाहून अधिक निघतो. रिचर्ड फाइनमन यांनी या गोष्टीकडे लक्ष वेधले होते, असे सांगितले जाते आणि त्यामुळे १३७ ला गमतीने 'फाइनमॅनियम' म्हणतात. केंद्रक हा बिंदू नसून त्याला आकारमान आहे, हे लक्षात घेतले की ही अडचण सुमारे १७३ पर्यंत पुढे ढकलली जाते. त्यापलीकडे इलेक्ट्रॉनांचे वर्णनच निराळ्या रीतीने करावे लागेल. केंद्रकाच्या बाजूने पाहिले, तर मर्यादा याहून पुष्कळ अलीकडे येण्याची शक्यता आहे, कारण इलेक्ट्रॉन जमण्यापूर्वीच केंद्रक दुभंगले तर मूलद्रव्य म्हणण्यासारखे काही उरत नाही.